अंगठ्याचं भेव

माझ्या मामेभावाइतका भित्रा माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही, आणि हे मी पूर्ण आदराने म्हणते आहे. तुमसरच्या घराला कुलूप लावलं की तो ते इतका वेळ ओढून पाहतो, की एकदा कडीच दारातून उपटून हातात आली. मग दार उघडं टाकून जायचं कसं, म्हणून नात्यातल्या एका साक्षगंधाला जाणंच राहिलं. तळ्यातला मासा पानात पडला की काटे शोधता शोधता तो त्याचा असा भुगा करतो, की तोवर बाकीच्यांचे हात धुऊन झालेले असतात. बसमध्ये संकटकाळच्या दाराला लागूनच बसतो आणि वर ते उघडतं का हे कंडक्टरला विचारतो. मी एकदा म्हटलं, "दादा, एवढं कायले भेतोस?" तो शांतपणे म्हणाला, "जे पुसल्या जाते ते परत येत नाही, बाई. बाकी कायचंच भेव नाही मले."

अशा माणसाला नोकरीही पुसण्याशी संबंध येणारीच मिळाली. नागपूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम तो घरून करतो. जंगलाकडच्या एका भुयारी खाणीत कोण कामगार खाली उतरला, कोण वर आला, ही नोंद ठेवणारी प्रणाली त्याच्या ताब्यात आहे. खाली काही विपरीत घडलं, तर कोणाला शोधायचं हे तिच्यावरूनच कळणार. गेल्या वर्षी कंपनीने त्याच्या मदतीला एआय एजंट दिला, म्हणजे काम सांगितलं की स्वतःच पायऱ्या ठरवून ते उरकणारा प्रोग्राम. सगळे खूश झाले. दादाची भूक गेली. "नवा जावई घरात आला तरी त्याले पहिल्याच दिवशी कोठीची चावी देतो का आपण?" असं म्हणून त्याने बंदोबस्त केला: एजंटने वाचावं, दुरुस्त करावं, नवं चढवावं; पण काही पुसायचं किंवा बंद पाडायचं असेल, तर दादाच्या फोनवर विचारावं आणि तो हो म्हणेपर्यंत थांबावं. नागपूरची पोरं वैतागली. "दादा, तुमच्यापायी काम अडून राहते." "अडू द्या," दादा म्हणायचा.

एजंट मोठा अदबशीर. दिवसभर विचारायचा, हा जुना कचरा काढू का, ती जुनी प्रत काढू का. सुरुवातीला दादा चष्मा पुसून प्रत्येक ओळ वाचायचा. पण एजंट दरवेळी बरोबरच निघे. हळूहळू दादाचं वाचणं कमी झालं आणि अंगठा तेवढा चालू राहिला. इतक्या भित्र्या माणसालाही सवय कशी लागली, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. त्याच्यासुद्धा.

मग आंधळगावला एक लग्न होतं. दुपारची पंगत, आम्ही शेजारी शेजारी. फोन वाजला. 'चाचणीची जुनी प्रणाली वापरात नाही. काढून टाकू का?' दादाने जेवता जेवताच अंगठा दाबला. अंगठ्याला कढी लागलेली होती, पडद्याने दाद दिली नाही. त्याने पुन्हा दाबला. तरी नाही. मग रुमालाने आधी अंगठा पुसला, मग पडदा, आणि पुसताना त्याची नजर खाली बारीक अक्षरांतल्या खाणीच्या नावावर गेली. त्याचा चेहरा भातासारखा पांढरा झाला.

भरल्या पानावरून तो उठला, मीही मागोमाग गेले. मांडवाच्या मागे जाऊन आधी त्याने एजंटला नकार देऊन थांबवलं, मग नागपूरला फोन लावला. तिकडच्या मुलीने तपासून सांगितलं: खाणीची चालू प्रणाली मागे कोणीतरी चाचणीच्या सर्व्हरवर हलवली होती आणि त्या सर्व्हरचं नाव बदलायचं राहिलं होतं. एजंटने ते नाव पाहून प्रामाणिकपणे तिला कचरा ठरवलं होतं. त्या वेळी खाणीत पाळी चालू होती.

"पण तू थांबवलंस ना," मी म्हटलं.

"मी दाबलं होतं, बाई. दोनदा." त्याने रुमालाने अंगठा पुन्हा पुसला. "मशीनीनं तर विचारलं होतं. मीच वाचलं नाही. मले आता तिचं नाही, माह्या अंगठ्याचं भेव वाटून राहिलं."

दुसऱ्या दिवशी त्याने पुसण्याची किल्ली एजंटकडून पार काढून घेतली. आता काही पुसायचं तर दोन माणसांनी, त्या वस्तूचं पूर्ण नाव स्वतः टाइप करून, होकार द्यायचा. नागपूरहून या वेळी कोणी कुरकुरलं नाही.

ते झाल्यावर त्याने मला स्कूटरवर बसवलं आणि थेट त्या खाणीच्या फाटकापर्यंत नेलं. इतकी वर्षं तिथली नावं सांभाळली, पण माणसं त्याने पाहिलीच नव्हती. पाळी सुटली. काळ्या धुळीने माखलेली माणसं डबे हलवत, एकमेकांची टिंगल करत बाहेर येऊ लागली. चहावाल्याने विचारलं, "कोणाची वाट पाहून राहिले, भाऊ?"

"कोणाची नाही जी," दादा म्हणाला. "असाच उभा आहो."

मी आता दूर राहते. संध्याकाळी कधी फोन केला, तर त्याच्या मागे कपबशा वाजत असतात, माणसांचा गलका असतो. कुठे आहेस, हे मी विचारत नाही. पाळी सुटली की तो बोलता बोलता मध्येच थांबतो, आणि गलका ओसरेपर्यंत मीही फोन कानाला धरून ठेवते.