क्रांती कंडक्टर नाव घेत नाही

मी एसटीचा ड्रायव्हर. उतारू मला आरशात दिसतात आणि कंडक्टर मला बेलवरून कळतो. क्रांतीची बेल कशी, तर टण् टण्, झालं. मागं दार लागलेलं, म्हातारी माणसं बसलेली, कडेवरचं पोर सांभाळलेलं, याची खात्री झाल्याशिवाय तिचा हात दोरीला जायचा नाही. कोल्हापूर-हुपरी गाडीवर आम्ही कितीतरी दिवस जोडीनं काढले आणि तिच्या बेलवर मी डोळे झाकून गाडी सोडायचो. म्हणजे झाकायचो नाही, पण झाकले असते तरी चाललं असतं.

गेल्या उन्हाळ्यात ती बेल बिघडली. कधी एकच टण् आणि मग सगळं गप्प. कधी डबल बेल, आणि मी गिअर टाकतोय तोवर पुन्हा थांबायची बेल. मी आरशात बघावं, तर बाई दांडीला धरून खिडकीबाहेर बघतीय. मी तापट माणूस. दोन-तीनदा ओरडलो. तिनं उलट उत्तर दिलं नाही, तेव्हा मात्र मला काळजी वाटायला लागली. कारण उलट उत्तर न देणारी क्रांती मी पाहिलीच नव्हती.

तिचे वडील आबा लाल बावट्याचे. मोर्चात पुढं, देवळात कधीच नाही. पोरीचं नाव क्रांती, पोराचं आदर्श. डेपोत नवीन कुणी आला की हमखास विचारायचा, "काय, झाली का क्रांती?" ती म्हणायची, "झाली की! बायकांचं अर्धं तिकीट झालं, अजून काय पायजे?" लग्न झालं होतं, पण वर्षाच्या आत माहेरी परत आली. का आली ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आई लवकर गेलेली, त्यामुळं धाकट्या आदर्शला तिनंच वाढवलं, शिकवलं, एमआयडीसीत चिकटवलं आणि त्याच्यासाठी वर्षाराणी ही बिद्रीच्या पलीकडची मुलगीही तिनंच बघून आणली.

तर ही बाई गेल्या उन्हाळ्यात गाडीत तिकिटं फाडता फाडता नावं गोळा करायला लागली.

"मावशी, नातवाचं नाव काय ठेवलंय?"

"ताई, तुमच्या पोरीचं नाव छान हाय, कुणी सुचवलं?"

बायकांची गाडी. विचारायचा अवकाश, की मुडशिंगीपासून पट्टणकोडोलीपर्यंत नावांचा पाऊस. शिवांश, रुद्रांश, रियांश. आजकाल सगळ्या पोरांना अंश लागलेला, अख्खं पोरगं कुणाला नकोच झालंय. मी ऐकून ऐकून वैतागलो. पण एक गोष्ट मला आरशात दिसली. क्रांती नावं ऐकायची, मान डोलवायची, पुढच्या सीटवर जायची. त्यातलं एकही नाव तिच्या तोंडून यायचं नाही. आवडलं तरी "हे बरं हाय" एवढंच. कोणतं बरं आहे, ते नाही.

शालूबाई आमच्या रोजच्या. हुपरीहून पैंजणाची घुंगरं जोडायला घरी आणायच्या, मांडीवर पिशवी घेऊन पुढच्या सीटवर बसायच्या. त्या एकदा म्हणाल्या, "कुणासाठी हुडकतीस गं येवढी नावं?"

"भावाला हुणार हाय."

"व्हायचंय अजून? मग आत्ताच कशाला? पोटातल्या पोराचं नाव घेऊ नये बाई. दिष्ट लागती."

क्रांतीचा चेहरा राखेसारखा झाला. ती मागच्या सीटवर जाऊन बसली आणि हुपरी येईपर्यंत उठली नाही. दोन स्टॉप मीच ओरडून घेतले.

शालूबाईंना काय माहीत. मला माहीत होतं, कारण मी तिथं होतो.

त्याच्या दोन वर्षं आधी, आबांच्या उचगावच्या घरी वर्षाराणीचं डोहाळजेवण होतं. हिरवी साडी, फुलांचा झोपाळा, सगळं क्रांतीनं केलेलं. दोन झाकलेल्या वाट्या समोर ठेवल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. वर्षाराणीनं बर्फीची वाटी उघडली आणि क्रांती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "भैरवी! आली माझी भैरवी!" मग दिवसभर तेच. भैरवीला ताक द्या, भैरवीला वारा घाला. वर्षाराणीच्या आईनं तिला बाजूला घेतलं. "ताई, आत्ताच नाव नका घेऊ, बरं नसतं." क्रांती हसली. "आमच्या आबांनी असलं काय मानलं न्हाय, मी बी न्हाय मानत."

आठव्या महिन्यात बाळ गेलं. मुलगीच होती. जन्माला आली ती गेलेलीच.

डॉक्टरांनी कारण सांगितलं, ते सगळ्यांनी ऐकलं. दवाखान्यातून घरी आल्यावर वर्षाराणी फक्त एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही नाव घेतलंसा." पुन्हा त्यावर एक शब्द नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणाला तोंड तरी असतं. इथं भांडणच झालं नाही. दोघी एका चुलीपुढं बसून मीठ दे, पाणी दे एवढंच बोलायच्या. सहा महिन्यांनी क्रांतीनं स्टँडजवळ एक खोली घेतली आणि ड्युटी लवकरची असते असं सगळ्यांना सांगितलं.

आणि आता वर्षाराणीचे पुन्हा दिवस भरत आले होते. या वेळी डोहाळजेवण झालं ते माहेरी, गुपचूप, आणि क्रांतीला त्याचा फोटो आदर्शच्या मोबाइलवर बघायला मिळाला.

मध्ये एक दिवस तिनं रजा काढली. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर आली तर कानामागं, मानेवर गुलाबी.

"जोतिबाला गेलतीस व्हय?"

"न्हाय. वाऱ्यानं आला असंल."

"जोतिबाचा गुलाल स्टँडपातूर वाऱ्यानं येतो?"

ती रुमालानं कान पुसत राहिली. "मामा, आबा आज असते आणि त्यांना कळलं असतं तर घरात घेतलं नसतं मला."

फोन आला तेव्हा गाडी पट्टणकोडोलीच्या स्टॉपवर होती. तिनं फोन कानाला लावला, आदर्शचं ऐकून म्हणाली, "रडली का? आदर्शा, रडली का ती?" आणि गाडीच्या पायरीवर मटकन बसली. उतारू दारात खोळंबले. शालूबाई सगळ्यांना ढकलत पुढं आल्या. "काय झालं गं?"

"पोरगी. चांगली हाय. दोघी चांगल्या हायत."

मग काय, सगळ्या गाडीला तोंड फुटलं. ज्यानं त्यानं आपलं नाव पुन्हा पुढं केलं. मागून एक कॉलेजची पोरगी मोबाइलवर यादी वाचायला लागली. क्रांतीनं कानावर हात ठेवले. "गप बसा की समदी! पाया पडतो तुमच्या, गप बसा!" कॉलेजच्या पोरीनं मोबाइल पिशवीत टाकला. मी पण इंजिन चालू करायचं विसरलो.

चार दिवसांनी आदर्श स्टँडवर आला. मऊ पोरगा. बोलायच्या आधीच डोळे खाली. "ताई, बारसं रविवारी हाय, वर्षाच्या माहेरी. तू ये. पण पाळण्याजवळ... आपल्या काकांची पोरगी उभी ऱ्हाणार हाय. वर्षानं तिलाच सांगितलंय."

नाव ठेवायचं आत्यानं. सख्खी आत्या असताना चुलत आत्या उभी करायची म्हणजे काय, हे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

"बरं हाय की," क्रांती म्हणाली. आदर्शला तिनं चहा पाजला, गाडीत बसवून दिलं आणि लगेच जाऊन रविवारची ड्युटी मागून घेतली.

त्यानंतरच्याच फेरीला मुडशिंगीत एक म्हातारा पायरीवर एक पाय ठेवून होता आणि क्रांतीनं डबल बेल दिली. मी गाडी सोडली. लोक ओरडले म्हणून करकचून ब्रेक मारला. म्हातारा वाचला, पण माझं डोकं फिरलं. मी खाली उतरून मागच्या दारात गेलो आणि आयुष्यात कुणा बाईला बोललो नाही ते बोललो. माणूस मारतीस का, घरी बस, नोकरी सोड. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हाताऱ्याला हाताला धरून सीटवर बसवलं, त्याच्या गुडघ्याला हात लावून माफी मागितली. मग हुपरीत गाडी रिकामी झाल्यावर माझ्या केबिनशेजारी येऊन बसली.

"मामा, मला माझ्या तोंडाचं भ्या वाटतंय."

"असलं मानतीस तू? आबांची पोरगी?"

"मानत न्हाय. मानत न्हाय म्हणूनच तर त्या येळी मोठ्यानं बोललो. पण मामा, खरं असलं तर? मी गेलो, नाव घेतलं, आणि उद्या पोरीला काय झालं तर? आणि न्हाय गेलो तर ती पोरगी मोठी झाल्यावर कुणाला आत्या म्हणणार?"

उत्तर नसलं की मी काहीतरी करून बसतो, ही माझी खोड आहे. तिला न विचारता मी डेपोत जाऊन तिची आणि माझी रविवारची ड्युटी बदलून घेतली आणि रविवारी सकाळी मोटारसायकल घेऊन तिच्या खोलीपुढं उभा राहिलो. ती भांडली. मी तिच्यापेक्षा मोठ्यानं भांडलो. शेवटी शेजारची बाई म्हणाली, "ताई, जावा एकदाच्या, पोरं अभ्यास करत्यात."

वाटेत तिनं दोनदा गाडी थांबवायला लावली. एकदा पाणी, एकदा चप्पल. बिद्रीच्या पुढं गेल्यावर म्हणाली, "मामा, वळवा." मी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

घरापुढं मांडव होता. पुरुष अंगणात खुर्च्यांवर, बायका आत पाळण्याभोवती. मी सोप्याच्या खिडकीशी उभा राहिलो, तिथून आतलं सगळं दिसत होतं. पाळण्याशी चुलत बहीण नटून उभी होती. वर्षाराणी पाटावर, अंगावर शाल, चेहरा उतरलेला. क्रांती उंबऱ्यापाशीच थांबली. बायकांनी मागं वळून पाहिलं आणि पाळण्याचं गाणं मध्येच तुटलं.

"आत्या आली की," वर्षाराणीची आई हळूच म्हणाली.

वर्षाराणीनं क्रांतीकडं पाहिलं. मग चुलत नणंदेला म्हणाली, "तू जरा सर."

"वैनी, आपलं ठरलंय की, रियांशी..."

"सर म्हटलं न्हवं?" आवाजात गोडवा अजिबात नव्हता. "या ताई. नाव तुम्हीच घ्या. त्या येळी घेतलंसा, आता का लाजतासा?"

क्रांती पाळण्याशी गेली. तिचं तोंड उघडायचं आणि मिटायचं. हुपरी रस्त्यावरची सगळी नावं जिच्या डोक्यात, तिला एक सुचेना. खिडकीतून आपणच काहीतरी ओरडावं असं मला झालं. मग ती वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं सांग की!" बायका ओरडल्या.

"अनुजा."

"जुनंच काढलं," कुणीतरी कुजबुजलं. आत्यानं नाव सांगितलं की तिच्या पाठीत बुक्के घालायचे, ही रीत. पोरींनी हसत मुठी वळलेल्या. पण वर्षाराणीचा चेहरा बघून सगळ्यांचे हात तसेच वर राहिले. वर्षाराणी लग्नाआधी शाळेत मराठी शिकवायची. तिला नावाचा अर्थ कुणी सांगायची गरज नव्हती.

"अनुजा म्हणजे पाठची," ती म्हणाली.

"व्हय."

"म्हणजे थोरली हाय म्हणता?"

"हाय की," क्रांती म्हणाली. "भैरवी हाय की."

वर्षाराणी उठली. आई "अगं बस, ओलं अंग तुझं" म्हणत राहिली. तिनं मूठ वळली आणि क्रांतीच्या पाठीत घातली. रीतीची नव्हती ती. खरी होती. दुसरी घातली. तिसरी घातली. क्रांतीनं पाळण्याची दोरी घट्ट धरून पाठ वाकवली.

"मार," ती म्हणाली. "आणि मार."

वर्षाराणी मारत राहिली, हात थकेपर्यंत. मग त्याच पाठीवर डोकं टेकून तिनं हंबरडा फोडला. कुणी तिला बाजूला केलं नाही. अंगणातली माणसं उठून खिडकीशी आली. मी पुरुषमाणूस, पण मला डोळे पुसायचंही सुचलं नाही.

"दोन वर्सं," वर्षाराणी म्हणत होती, "दोन वर्सं घरात कुणी तिचं नाव घेतलं न्हाय वो, ताई."