बाटल्यांचा स्टँड

नाडकर्णी सर सकाळी प्रयोगशाळेत आले की अंगातला कोटही न काढता आधी बाटल्यांच्या डुगडुगत्या स्टँडपाशी जायचे. हात पाठीमागे बांधून वाकायचे आणि तळाशी पाणी उतरलंय का ते बघायचे. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या थंडीत सायकलवरून आलेले असत; चष्म्यावर धरलेली वाफ पुसायचीही सवड नसे.

विहिरीतून कच्चं तेल येतं ते पाणी घेऊनच. त्या पाण्याचे बारीक थेंब तेलात असे अडकतात की महिनोन्‌महिने खाली बसत नाहीत. ते सोडवायचं आमचं काम. "प्रत्येक थेंबाला तेलाची साय धरते," सर मला सांगायचे. "ताजी असते तोवर फाटते. जुनी झाली की चिवट. औषध थोडंच घालायचं, जरा ऊब द्यायची आणि गप्प बसायचं."

सरांना गप्प बसणं साधत नसे ते एकाच बाबतीत. त्यांच्या मुलानं, रोहननं, इंजिनिअरिंग अर्धवट सोडून स्टुटगार्टला सुतारकामाची आउसबिल्डुंग, म्हणजे उमेदवारी, धरली होती. सर दर रविवारी फोन करून त्याला समजावत. हळूहळू त्यानं फोन उचलणंच सोडलं. सर मग निरोप ठेवत, प्रत्येक निरोप आधीच्यापेक्षा लांबलचक.

एका सोमवारी सर बाटलीत औषध घालत होते. पाणी सुटेना, म्हणून आणखी घातलं, मग आणखी. मी बघतच राहिले; असलं काम त्यांच्या हातून कधी होत नसे. मिश्रण उलट जास्तच घट्ट झालं. सरांनी बाटली खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "वैदेही, मी ओततच राहिलो गं."

त्याच आठवड्यात ते रजा टाकून स्टुटगार्टला जाऊन आले. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढच्या थंडीत हृदयविकारानं ते गेले. मला फार पोरकं वाटलं.

महिन्याभरानं रोहन प्रयोगशाळेत आला. हातात बीच लाकडाचा नवा स्टँड होता.

"बाबा आले होते तेव्हा काहीच समजावलं नाही," तो अडखळत मराठीत म्हणाला. "फक्त म्हणाले, बाटल्यांना स्टँड करून देशील का? हो म्हणालो, पण... करायला मी खूप वेळ लावला."

मी बाटल्या एकेक करून नव्या स्टँडवर लावल्या. रोहननं कोट काढला नव्हता. हात पाठीमागे बांधून तो वाकला आणि बघत राहिला.