म्हसावदच्या बन्सीलालची दवंडी

बन्सीलालने सोंगं करणं सोडलं ते थोरल्या भावाच्या धाकाने, असं म्हसावदला अजून सांगतात. साफ खोटं आहे. रतिलालदादाच्या दटावण्याला त्याने आयुष्यात कधी भीक घातली नाही. चांगल्या शेतकरी घराण्यातला पोरगा तोंडाला रंग फासून नाचतो, याची लाज घराला वाटायची, त्याला कधीच नाही. दिवसभर औत हाकायचं आणि गावात तमाशाचा ढोल वाजला की सोंगाड्या होऊन उभं राहायचं, हा त्याचा नेम. लोकांना पोट धरून हसवण्यात जे सुख आहे ते दुसऱ्या कशात नाही, असं तो उघड म्हणायचा.

दुसरा नाद राजकारणाचा. पारावर वर्तमानपत्र वाचलं जायचं तेव्हा हा सगळ्यांच्या पुढे. सदतीस साली नव्या कायद्याप्रमाणे निवडणूक आली. जमिनीचा सारा रतिलालदादाच्या नावावर, म्हणून मताचा हक्क रतिलालदादाला, बन्सीलालला नाही. प्रचाराला आलेल्या वकिलांना त्याने भर सभेत विचारलं, "मुंबईले जो कायदा व्हई, तो आम्हले लागू व्हई का?"

वकील चपापले. मग प्रामाणिक माणूस म्हणून खरं ते बोलले. "तुमचा शहादा तालुका आणि वरचा अक्राणी महाल, दोन्ही अंशतः वगळलेल्या मुलखात येतात. असेंब्लीने कायदा केला तरी इथे तो आपोआप लागत नाही. गव्हर्नरसाहेबांनी तसा हुकूम काढला तरच लागतो."

सभा हसली. बन्सीलाल हसला नाही. वगळलेला हा शब्द त्याला काट्यासारखा रुतला. डोंगरातल्या लोकांना आपण आजवर रानटी म्हणत आलो आणि सरकारच्या लेखी आपणही त्यांच्याच पंगतीला, हे त्याला कळलं. राग कुणावर काढावा ते कळेना. त्याने सोंग रचलं.

सोंगात कायदेसाहेब मुंबईहून आगगाडीने निघतात, नंदुरबारला उतरतात, बैलगाडीने तापीकाठी प्रकाशाला येतात. तिथे नावाडी विचारतो, लाटसाहेबांची चिठ्ठी आहे का? चिठ्ठी नाही. मग कायदेसाहेब काठावर बसून भाकरी मागत फिरतात. सपाटीवरच्या गावांनी हे सोंग डोक्यावर घेतलं. सोंगातले कायदेसाहेब स्वतः बन्सीलाल. अंगात जुना खाकी कोट, डोक्याला साफा.

पुढच्या वर्षी होळीच्या आधी भोंगऱ्याच्या बाजाराला तमाशा धडगावच्या बाजूला डोंगरात गेला. दोन मुक्काम झाले. तिसऱ्या गावात मात्र सोंग पडलं. आगगाडी पाहिलेली नाही, लाटसाहेब कोण ते ठाऊक नाही, हसणार कशाला? समोर माणसं नुसती बसून. बन्सीलालने ढोलक्याला खूण केली, दवंडीचा ठेका धरायला लावला आणि छाती काढून त्यांच्याच बोलीत ओरडला, की ऐका, सरकारचा हुकूम आहे. आजपासून ज्याला घर बांधायचं त्याने रानातलं सागवान खुशाल तोडावं, कुणी अडवणार नाही!

ही बोली तो शेतावर मजुरीला येणाऱ्या डोंगरातल्या माणसांकडून शिकला होता. त्याला वाटलं, आता तरी हशा पिकेल. कारण रानातली काडी उचलली तरी जंगलखात्याचा गार्ड दंड करतो, हे तिथे पोराटोराला माहीत होतं.

कुणी हसलं नाही. सगळे उठून उभे राहिले आणि हळूहळू पांगले. बन्सीलाल हिरमुसला. विनोद फुकट गेला, असं म्हणत त्याने कोट काढला.

त्या गावात सरकार कधी कागदावरून आलंच नव्हतं. जे हुकूम आले ते असेच, ढोल वाजवत, खाकी कोटातल्या माणसाच्या तोंडून. हे बन्सीलालच्या ध्यानात यायला चैत्र उजाडावा लागला.

चैत्रात दिवलीबाई म्हसावदला आली. तिचा नवरा रेवजी त्याच तिसऱ्या गावचा, दर हंगामाला बन्सीलालच्या शेतावर राबायला यायचा. भर उन्हात डोंगर उतरून आलेली ती बाई ओट्याखाली बसली आणि म्हणाली, "रेवजीले धरी लई ग्यात."

रेवजीने चोरून काही केलं नव्हतं. त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्याने लाहा बोलावला होता, म्हणजे सगळा गाव एकाच्या कामाला धावून येतो तसा. भर दिवसा ढोल वाजवत सागवान तोडलं, घराचे खांब उभे केले. गार्ड आला तेव्हा रेवजीने त्यालाच जेवायला बसवलं. घर माझं, लाकूड मी तोडलं, असं त्याने अभिमानाने सांगितलं आणि तेवढ्यावर त्याला एकट्याला धरलं.

"तुम्हीच सांगेल व्हतं ना," दिवलीबाई म्हणाली. "आते साहेबले सांगा." ओळखीच्या मालकालाच सरकारने दवंडीला धाडलं, असं रेवजीने धरलं होतं.

रतिलालदादा आतून ओरडला, "तू जाऊ नको! सरकारनं सोंग लिधं म्हनीसन तुलेच जेलमा टाकतीन!"

"दादा, मन्हा तोंडनं ऐकीसन त्यानी झाड तोडं," बन्सीलाल म्हणाला. "मी जासू."

कोट काखोटीला मारून तो कचेरीची वाट चालू लागला. वाटभर डोकं भणभणत होतं. गव्हर्नर बोलले की हुकूम, आपण बोललो की सोंग. त्या डोंगरात मत ना त्यांना कुणी दिलेलं, ना आपल्याला. मग रेवजीने ओळखावं तरी कशावरून? हे साहेबांना पटवता आलं तर रेवजी सुटेल, घर उभं राहील. नाही पटलं, तर जन्मभर आरशात तोंड बघायची सोय नाही.

रेवजीचा खटला ज्यांच्यापुढे होता ते मॅजिस्ट्रेटसाहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी बन्सीलालचं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि मिशीतल्या मिशीत हसून म्हणाले, "असं काय म्हटलं होतंस तू? करून दाखव पाहू."

बन्सीलालने क्षणभर विचार केला. दवंडी थट्टेने करून दाखवली तर सगळे हसतील आणि रेवजी मूर्ख ठरेल. खरी करून दाखवली तर साहेबांना कळेल की कुणीही फसला असता. त्याने कोट चढवला, बाकावर तळहाताने दवंडीचा ठेका धरला आणि जीव ओतून तो हुकूम दिला, त्याच बोलीत, तसाच छाती काढून. आयुष्यात एवढं खरं सोंग त्याने केलं नव्हतं.

पहिल्यांदा कारकून हसला. मग वकील हसले. साहेबांनी रुमाल तोंडाला लावला.

बन्सीलालने रेवजीकडे पाहिलं. इतका वेळ मान खाली घालून उभा असलेला रेवजी आता ताठ झाला होता. त्याचा चेहरा उजळला होता. साहेबांनी स्वतः सांगून, सरकारच्याच घरात, तोच हुकूम पुन्हा पुकारायला लावला, असं त्याला वाटलं होतं. त्याने साहेबांना दोन्ही हात जोडले. त्यावर तर कचेरी आणखीनच हसली.

साहेब भानावर आले. समजदार माणूस असल्या सोंगाला हुकूम मानणार नाही, कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही, असं शुद्ध मराठीत सांगून त्यांनी तीन महिने सक्तमजुरी दिली. घराचं सगळं लाकूड जप्त. बन्सीलालला ताकीद देऊन सोडलं.

रेवजीला त्यातलं अक्षर कळलं नाही. तो हसतमुखाने बन्सीलालजवळ आला.

"मंग, मी आते घर जाऊ ना?"

त्याची डोंगरातली बोली येणारा कचेरीत एकच माणूस होता. बन्सीलालने खाकी कोट अंगात असतानाच त्याला सगळं सांगितलं. तुरुंग, लाकूड, सगळं.

शिपायाने दंड धरला तेव्हा रेवजी एवढंच म्हणाला, "सरकारनी दोनदा सांगं. तरीबी?"