चौथ्या डब्यातली वही

वहीतलं ते पान मी फाडलं. हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आणि ज्या माणसाची सही त्या पानावर होती त्याच्याजवळ तर नाहीच.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. चांदा जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या डोंगरात मी जंगलखात्याचा गार्ड होतो. लोक नाकेदार म्हणत. वय बावीस. उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून डोंगराच्या धारेवर पालापाचोळा झाडून एक रुंद पट्टी मोकळी ठेवत, तिला जाळरेषा म्हणत. तिच्या कडेने पायवाट होती. गार्ड खरंच वर चढतो की मोहाच्या झाडाखाली झोप काढतो, हे कळावं म्हणून या वाटेवर चार डबे होते. रॉकेलचे रिकामे डबे, झाकण बसवलेले, ऐनाच्या झाडाला तारेने बांधलेले. प्रत्येकात एक वही, शाईची गादी आणि सागाचा कोरलेला ठसा. पहिल्यात मोर, दुसऱ्यात मासा, तिसऱ्यात पान, चौथ्यात विंचू. डब्यातला ठसा आपल्या डायरीत मारायचा, आणि डब्यातल्या वहीत तारीख घालून काय दिसलं ते लिहायचं, सही करायची. कागद हलका, शाई फुटायची, म्हणून एका दिवसाला एक पान आणि मागची बाजू कोरी.

चौथा डबा खिंडीत होता. तिथं माझा भाग संपायचा आणि डोंगरापलीकडच्या गार्डचा सुरू व्हायचा. तो सिरोंच्याकडचा, नदीवर मासे धरणाऱ्या घरातला, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. एक दिवसाआड मी सकाळी खिंडीत पोचायचो, तो दुपारी तीनच्या सुमारास. भेट अशी क्वचितच. पण वहीत आमचं बोलणं चालायचं. तो लिहायचा, "भाऊ, तुमच्याकडं मोह पडला का? इथी अस्वलं पंगत धरून बसून राह्यले." मी लिहायचो, "त्याईले सांगा, नाकेदाराचं पान वाढून ठेवा." एकदा त्यानं लिहिलं, "घरी पोरगी झाली. तुमच्यासाठी मासा आणणार होतो, पण तुमी येईस्तोर डब्यातला विंचूच तो खाऊन टाकन."

खिंडीच्या बाजूला शंभर पावलं खाली, दाट बांबूत एक झिरा होता. चैत्रात त्या धारेवर तेवढंच पाणी. माणसाला तेवढंच आणि जनावरालाही. म्हणून आमच्यात ठरलेलं होतं. सकाळी येणाऱ्यानं झिऱ्यापर्यंत उतरून ओल्या मातीत पंजे पाहायचे आणि वहीत लिहायचं. दुपारी येणाऱ्यानं ते वाचून खाली सही करायची, आणि मगच आपला पाण्याचा तुंबा भरायला उतरायचं. हे आमच्या रेंजर साहेबांनाही माहीत होतं, त्यांनी तो नियमच करून टाकला.

त्या वर्षी फाल्गुनात खालच्या गावातली एक बाई मोहफुलं वेचताना वाघानं नेली. शोधायला गेलेल्यांत मी होतो. जे सापडलं ते एका लुगड्यात मावलं. त्या दिवसापासून मला ती वाट चढवेना. वाळक्या पानावर रानकोंबडी चालली तरी माणसाएवढ्या वजनाचा आवाज येतो. मागे पाहायचं नाही असं ठरवायचो आणि मान वळलेली असायची. तिसऱ्या डब्याच्या पुढे तोंडात थुंकी उरत नसे. कोणाला सांगणार? नाकेदारच भितो म्हटल्यावर गाव हसलं असतं.

मग मी एक केलं. एका सकाळी खिंडीत गेलो तेव्हा पुढच्या चार फेऱ्यांची पानं एकदमच लिहून टाकली. चार तारखा, चार सह्या, तीच ओळ: "झिऱ्यावर काही नाही. वाट मोकळी." डायरीत विंचवाचे ठसे मारून घेतले, आणि उतरताना तिसऱ्या डब्यातही तसंच केलं. पुढचं पान कोणी उलटून पाहत नाही, एवढ्याच भरवशावर. आता आठ दिवस वर जायला नको. त्या आठ दिवसांत मी दुसऱ्या डब्यापर्यंत जायचो आणि परत फिरायचो.

तिसऱ्या फेरीचा दिवस. सकाळचे नऊ असतील. दुसऱ्या डब्याजवळ वाटेच्या फुफाट्यात पंजे उमटले होते. कडा अजून ढासळल्या नव्हत्या. तोंड वरच्या दिशेला. वर कुठंतरी वानर एकदा खेकसलं आणि गप्प झालं, आणि मग सगळं रानच गप्प झालं. 

पलीकडचा गार्ड तीनला येणार, वही उघडणार, वाट मोकळी असं वाचणार, हे मला तिथंच कळलं. हातात सहा तास होते. गावातून दहा माणसं आणि ढोल घेतला असता तर दुपारच्या आत खिंड गाठता आली असती. पण कोणीतरी विचारलं असतं, "काऊन भाऊ, तुमीच सकायी वर गेले नाई का?" त्या एका प्रश्नाला मी भ्यालो. तो जाणता आहे, त्याला पंजे दिसतील, असं स्वतःला सांगत खाली आलो. झोपडीची कडी लावली आणि भात रांधला. तीन वाजले तेव्हा मी जागा होतो. काही ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी कान दाबून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी उजाडता निरोप आला. झिऱ्यावर वाघानं त्याला धरलं. बांबू तोडणाऱ्या लोकांनी आरडाओरडा करून सोडवला. जिवंत आहे, पण उजवा हात गेल्यातच जमा. दुपारी साहेब बंदुका घेऊन वर येणार आणि वही पाहणार.

महिनाभर जी वाट चढवत नव्हती ती मी एकटा पळत चढलो. वाघ तिथंच असेल हे माहीत होतं. जखमी सावज हातचं गेलेला वाघ. बांबूत काहीतरी करकरलं तेव्हा मी झाडाला पाठ लावून उभा राहिलो आणि लघवी झाली. तरी डबा उघडला. माझ्या ओळीखाली त्याचं अक्षर होतं, एकेक मात्रा वेगळी काढलेलं: "वाचलं भाऊ. पाणी भरून येतो." आणि सही.

ते पान फाडलं. पुढचं आगाऊ लिहिलेलंही फाडलं. कोऱ्या पानावर कालची तारीख घालून लिहिलं: "झिऱ्याकडे जाणारे ताजे पंजे. खाली उतरू नये." रानात कागद जाळायची सोय नव्हती, फेकायची हिंमत नव्हती. उभ्या उभ्या चावून गिळला. तोंड शाईनं कडू झालं होतं. उतरून ओढ्यावर तोंड धुतलं आणि साहेबांच्या लोकांत जाऊन मिसळलो.

साहेबांनी वही वाचली. म्हणाले, "यानं तर बजावून ठेवलंय. आणि त्याची सही कुठाय? म्हणजे डबा न उघडताच उतरला." मग माझ्याकडे पाहून, "तू तरी काम चोख केलंस."

चांद्याच्या दवाखान्यात मी त्याला भेटलो. खांद्यापासून हात काढला होता. बायको उशाशी बसली होती, मांडीवर पोरगी.

"भाऊ, मले तं आठवते," तो म्हणाला. "मी वाचलं. सही केली. पण बुकात नाई म्हणतात साहेब. तुमी पायलं का बुक?"

"पाहिलं."

"मंग?"

"सही नव्हती, भाऊ."

 "तं मंग तापच डोक्यात गेला असन," तो म्हणाला. त्याची बायको त्याच्यावर चिडून बोलली, "पोरगी घरात असून न वाचता उतरले तुमी."  नियम मोडला म्हणून त्याला कामावरून काढलं.

मी खात्यात राहिलो, बढत्या घेत वर चढलो. सात-आठ वर्षांनी कामानं सिरोंच्याला गेलो तेव्हा बाजारात तो मासे विकत होता, डाव्या हातानं. मला पाहून उठला. शेजारच्या विकणाऱ्यांना तेलुगूत आणि मग मराठीत सांगू लागला, "हे नाकेदार भाऊ. यायनं लिहून ठेवलं होतं, मीच वाचलं नाई. म्हणून म्हणतो पोराईले, वाचल्याशिवाय पाय टाकू नका." ते हसले, हे त्यांनी पुष्कळदा ऐकलेलं असावं. त्यानं एक मरळ मासा पानात बांधून माझ्या हातात दिला. मी घेतला.

आज मी पन्नाशीकडे आलो आहे. तो अजून आहे, तिथंच बसतो, असं त्या बाजूनं येणारे सांगतात. त्यानं वाचलं होतं, खाली सही केली होती, त्याच्या डोक्यात काही गेलं नव्हतं, आणि खोटं मी लिहिलं होतं, हे त्याच्या तोंडावर, त्याच्या बायकोसमोर आणि त्या बाजारातल्या माणसांसमोर सांगण्याचं देणं मी त्याला लागतो. अजून सांगितलेलं नाही.