लालीच्या अंगावरची माती

माझी सासू सकाळी उठली की चूळ भरायच्याही आधी गोठ्यात जायची आणि घोडीच्या अंगाला माती लागली आहे का, ते बघायची. लागलेली असली की तिचा चेहरा फुलायचा. घोडी स्वच्छ दिसली की मात्र पुढ्यातला चहा निवून जायचा, तरी हिचं लक्ष नसायचं. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मला हे काहीच ठाऊक नव्हतं. नवी सून, त्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका, म्हणजे टापटिपीचा दुप्पट सोस. मी उजाडता उजाडता घोडीला खरारा केला, ओल्या फडक्यानं पुसून लख्ख केलं आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले. सासूनं आधी घोडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "अवं, रातची चिठ्ठी होती ते तिची. तू न वाचताच पुसून टाकली."

तिला सगळं गाव 'घोडीवाली माय' म्हणायचं. आमचं गाव आसेगावपासून जवळच, आणि आसेगावच्या बाजारातही ती याच नावानं ओळखली जायची. सासूला अहो-जाहो करायचं असतं म्हणून सुरुवातीला मी केलं. पण मी 'अहो माय' म्हटलं की ती मागं वळून बघायची, पाहुणं कोण आलं म्हणून. शेवटी मी नाद सोडला. माझा नवरा वायरमन, त्याची नोकरी रिसोडकडे, रविवारी यायचा. बाकीचे सहा दिवस घरात आम्ही तिघीच: माय, मी आणि लाली.

लाली ही आमच्या घरातली तिसरी घोडी. पहिली माझ्या आजेसासऱ्यांनी घेतली होती. आमच्या वस्तीतल्या नवरदेवानं घोड्यावर बसून गावातून जायचं नाही, असा तेव्हाचा दंडक होता. तो मोडायचा तर घोडी आपल्याच दारात पाहिजे, मागून आणलेली नको, असं म्हणून त्यांनी ती आणली. तेव्हापासून वस्तीतला एकही नवरदेव लग्नाला पायी बुद्धविहारात गेला नाही. लाली सात वर्षांची असताना सासरे वारले. आता घोडी विकणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मायनं डोईवर पदर घेतला, लगाम हातात धरला आणि पुढच्याच वरातीत बँडच्या पुढं स्वतः चालत निघाली. बाईमाणसानं वरातीची घोडी धरलेली आमच्या भागात कोणी पाहिली नव्हती. लाली पांढरी नव्हती, तांबडी होती, म्हणून एका वरमायनं नाक मुरडलं, तेव्हा माय म्हणाली, "बाई, नवरदेव गोरा पायजे का घोडी, ते एकडाव ठरवून घ्या."

आमच्याकडे लोकांची एक पक्की समजूत आहे: घोडा कधी बसत नाही, आणि बसला की संपला. शेजारचे नामदेवभाऊ लालीकडे बोट दाखवून पाहुण्यांना अभिमानानं सांगायचे, "वीस वर्सं झाले, एक दिवस बसलेली पाह्यली नाई म्या." माय त्यांना सोडायची नाही. "मंग ते झोपते कवा, नामदेवभाऊ? उभ्यानं डुलकी लागते, यष्टीत लागते तशी. झोप लागाले अंग टाकाव लागते." रात्री घोडी अंग टाकून झोपली, तर सकाळी तिच्या कुशीला, फऱ्याला, गालाला माती असणार. माती आहे याचा अर्थ ती निर्धास्त बसली, झोपली आणि आपल्या पायानं उठली. एवढं सगळं मायला तळहात फिरवून कळायचं. पुढं मोतीबिंदूनं नजर अंधूक झाली, तेव्हा तर ती डोळ्यांपेक्षा तळहातावरच विश्वास ठेवू लागली.

दुसरी खूण रागाची. लाली रागीट होती. छत्री तिला खपायची नाही, बँडमधल्या कर्ण्यावर तिचा दात होता, आणि मी शाळेला निघताना पर्स झुलवत गेले की कान मागं टाकून माझ्यावर मान उगारायची. मी तक्रार केली की माय खूष व्हायची. "राग येऊन राह्यला ना? मंग बेस हाय. राग गेला का समजाव, जीव उबगला." हाच नियम तिनं मलाही लावला होता. मी दोन दिवस गप्प राहिले की ती माझ्या नवऱ्याला फोन लावायची, "पोरगी भांडून नाई राह्यली, येऊन जाय."

लाली पंचविशीच्या पुढं गेली आणि दातांनी दगा दिला. कडबा तोंडात घोळवायची आणि अर्धवट चावलेला ओला गोळा खाली टाकायची. मायनं वरातीचं काम तेव्हाच बंद केलं. नातेवाईक म्हणाले, मायचं डोकं फिरलं, बिनकामाच्या घोडीला कोण पोसतं? माय गव्हाचा कोंडा आणि हरभऱ्याचा भरडा कोमट पाण्यात भिजवायची, त्यात गुळाचा एवढासा खडा. हिरवं गवत विळीवर बोटभर कापायची, मेथी निवडावी तसं. माझ्या पोळीला तूप लावायचं राहून जाईल, पण लालीच्या घमेल्यात गुळाचा खडा विसरायचा नाही. मला त्याचा राग यायचा. मग केव्हातरी गूळ मीच किसायला लागले, आणि कधीपासून ते माझं मलाच सांगता येणार नाही.

अठ्ठाविसाव्या वर्षी, दिवाळी झाली आणि मागचे पाय आखडले. काही सकाळी अंगाला माती दिसेनाशी झाली. बसले तर उठता येणार नाही, या धास्तीनं ती रात्रभर उभी राहायची. मंगरूळपीरहून जनावरांचे डॉक्टर आले. तरुण पोरगा, पण हात मऊ. त्यांनी दुखण्याचं औषध दिलं. आम्ही गोठ्यातले दगड काढले, सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, गुडघाभर थर टाकला. दोन महिने छान गेले. तेव्हाच मायनं मला आपला हिशेब सांगून ठेवला. "हप्त्यात चार दिवस माती लागली, तं हप्ता तिचा. तीनवर आली का आपल्याले बोलाव लागीन. तवा मंग आज नाई उद्या, असं कराचं नाई. वाईट दिवसाची वाट नाई पाहाची, पोरी. थोडा चांगला दिवस हाती असतानाच निरोप द्याव."

संक्रांतीनंतर आठवड्याला तीनच दिवस माती दिसली. पुढच्या आठवड्यात दोन. हिशेबानं आता बोलायला हवं होतं, आणि दोघीही ते टाळत होतो. आणि मग मी जे केलं ते आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मी मायच्या आधी उठले, गोठ्यातली माती पाण्याच्या मगात कालवली आणि लालीच्या कुशीला, मांडीला फासली. ती सुकली की मायचा हात फिरणार, आणि आजचा दिवस टळणार. मी स्वतःला सांगत होते की हे मायसाठी करते आहे, घोडी गेली तर म्हातारी खचेल. खोटं होतं ते. मलाच सोडवत नव्हती. पर्स झुलवली तरी ती आता कान मागं टाकत नव्हती, आणि ते मी बघत होते, तरी माती फासत होते. असे आठ दिवस झाले.

आठव्या दिवशी दुपारी मी शाळेत असताना लाली उभ्या उभ्या पेंगून पुढच्या गुडघ्यांवर कोसळली आणि दचकून उठली. संध्याकाळी बघते तर दोन्ही गुडघे सोललेले. नीट पाहिलं तर त्या ओल्या जखमांखाली जुन्या खपल्याही होत्या. आठ दिवस ती अशीच पडत असणार, आणि मी वरून कुशी रंगवत होते. मायनं हळद आणि तेल लावलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना, सवयीनं म्हणा की भित्रेपणानं, मी पाण्याचा मग घेऊन गोठ्यात गेले. माय आधीच तिथं उलट्या घमेल्यावर बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "ये. लाव."

मी हातातला मग तसाच धरून दाराशी उभी राहिले.

"लाव ना. थांबली काहून?"

मी तो मग खाली ठेवला. माय म्हणाली, "मले पह्यल्याच दिवशी समजलं. झोपलेल्या घोडीच्या गालाले बी माती लागते. तू गालाले लावाचं विसरली."

"मंग बोलली काहून नाई, माय?"

"म्हटलं, पोरीले दोन दिवस पायजेत. दोनाचे आठ झाले, ते माह्यं चुकलं. हात फिरवला का मले बी बरं वाटे. खोटी हाय हे माहीत असून बरं वाटे." मग पदरानं डोळे पुसून ती उठली. "पह्यल्या दोन घोड्यांच्या वक्ती म्या तोंड उघडलं. आता तू. जिले सोडवत नाई, तिनंच म्हणाव."

मी लालीच्या मानेवर कपाळ टेकवलं आणि म्हणाले, "माय, आता पुरे." माझ्या आयुष्यात इतकं छोटं वाक्य बोलायला इतका वेळ कधी लागला नाही.

डॉक्टरांना निरोप गेला आणि गावातही बातमी पसरली. ते आले तेव्हा अंगणात पन्नासेक माणसं जमली होती. नामदेवभाऊ सगळ्यात पुढं. "माय, मुक्या जिवाले सुई देऊन माराचं? पाप हाय हे. अजून उभी तं हाय!" दोघीतिघी बायकांनी माना डोलावल्या. डॉक्टरही घुटमळले, म्हणाले, "आई, हे ठरवलं कोणी?"

मी खाली बघत उभी होते. मायनं एक शब्द इकडचा तिकडं केला असता, तर त्या अंगणात मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. माय माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माह्या सुनेनं. उभी हाय म्हणून तुमाले बरी दिसून राह्यली. ते बसू शकत नाई म्हणून उभी हाय. आठ दिवस डोळ्याले डोळा नाई तिच्या. हे माह्या सुनेनं पाह्यलं आणि तोंडानं म्हटलं. तुमच्यातल्या एकाची तरी छाती झाली असती का?"

मग गर्दीतून एकेक माणूस पुढं यायला लागला. लालीच्या पाठीवर बसून ज्यांच्या वराती निघाल्या होत्या, ते सगळे. कोणाचं पोट सुटलेलं, कोणाला टक्कल पडलेलं, एकाच्या कडेवर नात. त्यांनी न सांगता फावडी घेतली आणि आमच्या शेताच्या कोपऱ्यात, लिंबाखाली, खड्डा खणला. जेसीबी बोलावू का, असं कोणी विचारलं, तर त्यांना ते आवडलं नाही. नामदेवभाऊही थोड्या वेळानं कुदळ घेऊन आले आणि मुकाट्यानं खणू लागले.

मायनं शेवटच्या वेळी लगाम धरला आणि लालीला हळूहळू शेतात नेलं. ऊन चांगलं तापलं होतं. तिनं घमेलं पुढं केलं, आणि लालीचं खाऊन होईपर्यंत डॉक्टरांना थांबवून ठेवलं. गूळ त्या दिवशी खडाभर नव्हता, अख्खी ढेप फोडली होती. पहिल्या सुईनं लालीच्या पापण्या जड झाल्या, सगळ्यांनी दोन्ही बाजूंनी आधार दिला आणि ती अलगद कुशीवर झाली. किती दिवसांनी तिनं मान जमिनीवर टाकली होती. गाल मातीत, श्वास लांब. मायनं डॉक्टरांना हातानं खुणावलं, थांबा. "झोपू द्या थोडी. मंग द्या दुसरी." डॉक्टर थांबले. आम्ही सगळे त्या उन्हात उभे राहून एका म्हाताऱ्या घोडीला झोपू देत होतो, आणि इतका अभिमान मला कधीच कशाचा वाटला नव्हता, मायचा, त्या माणसांचा, आणि लालीचाही.

मायनं त्यानंतर ती गोष्ट कुठं कुठं सांगितली याला गणती नाही. लग्नात, तेरवीला, आसेगावच्या बाजारात, दवाखान्याच्या रांगेत. प्रत्येक वेळी त्यात एक धाडसी सून असायची. माती फासणारी सून एकदाही आली नाही. मी एकदा म्हटलं, "माय, कायले खोटं सांगतं सगळ्याइले?" ती म्हणाली, "कोठी खोटं? तूच तं म्हटलं, आता पुरे. त्याच्या आधीचं कोणाले कायले पायजे?"

मागच्या वर्षी माय गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला दारात मंडप मावला नाही. महिनाभरानं सकाळी नामदेवभाऊ फाटकाशी येऊन उभे राहिले. त्यांचा बैल म्हातारा झालाय, आठवडा झाला, नीट उठत नाही. टोपी हातात घेऊन खाली बघत म्हणाले, "बाई, एकडाव चालता का? माय म्हणे, माह्या सुनेले समजते आणि तिची म्हणाची छाती हाय."

मी चपला घातल्या आणि निघाले. कुणाची सासू सुनेला पाटल्या देते, कुणाची एकर-दीड एकर देते. माझ्या सासूनं आपली छाती माझ्या नावावर करून दिली, आणि गावात कोणाला कळूही दिलं नाही की ती आधी माझी नव्हती.