गावरान पाय, हायब्रीड गाडी

आमच्या घरात गाड्यांचं वेड आहे, आणि ते बाबांकडून आलंय. मेडशीला आमचं घर रस्त्याला लागून. भाऊ आणि मी लहानपणी ओट्यावर अभ्यासाला बसायचो, म्हणजे पुस्तक मांडीवर आणि कान रस्त्यावर. आत बाबा जेवता जेवता सांगायचे, "यष्टी हाय, मालेगावकडून येऊन राह्यली, दुसऱ्या गिअरात," आणि ते बरोबर निघायचं. पोरगी म्हणून मला त्यांनी कधी वगळलं नाही. दहावीच्या सुट्टीत शेताच्या वाटेवर मला त्यांच्या डिझेल जीपमध्ये बसवलं आणि म्हणाले, "क्लच सोडतानी घाई करू नोको. नव्या सुनेसंगं बोलतात तसं हळूच." आई मागून म्हणाली, "माह्यासंगं कवा बोलले होते हो तसं?" याचं उत्तर अजून यायचंय.

तर असा हा माणूस दोन वर्षांपासून गाडी चालवत नव्हता. डावा गुडघा गेला. जीपचा क्लच इतका जड, की चांगल्या पायाची परीक्षा घ्यायचा, तिथं दुखरा पाय काय टिकणार! डॉक्टरांनी वाटी बदला म्हटलं, तर बाबा म्हणाले, "लोखंड जीपमंधी शोभते, माह्या पायात नाई." बरं, घरात गुडघ्याचं नावही काढायचं नाही. कुणी विचारलं, काहून जी, जीप नाही काढली? तर म्हणायचे, "तिचं मन नाई सध्या." रोज सकाळी टिनाच्या छपराखाली जाऊन जीप सुरू करायचे, थोडा वेळ तिचा आवाज ऐकायचे, बंद करून परत यायचे. आई विचारायची, "झाली काय पूजा?"

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेलं असतं, पण मधे आत्या होती. रिठदला दिलेली बाबांची थोरली बहीण. तिच्या लग्नापासून बाबांनी एक भाऊबीज चुकवली नव्हती. आधी एसटीनं जायचे, जीप आल्यापासून जीपनं. गुडघा गेला आणि लागोपाठ दोन भाऊबीजा ते घरीच बसले. भाऊ म्हणाला मी नेतो, मी वाशीमहून फोन केला की मी येते न्यायला. बाबा दोघांवर उखडले. "दुसऱ्याच्या बाजूले बसून जाऊ? मी काय वऱ्हाडी हाव काय?" आणि आत्याला फोनवर सांगायचे की सोयाबीन काढणं चालू आहे. आत्या जन्मभर शेतातच राबलेली, दिवाळीनंतर किती सोयाबीन उभं असतं हे तिला कळत नव्हतं होय? ती म्हणायची, "बरं बाप्पा, काढ," आणि फोन ठेवून द्यायची. तिला गाडी लागते, त्यामुळे ती मेडशीला यायचा प्रश्नच नव्हता. फोन ठेवला की बाबा थेट टिनाखाली जीपपाशी जाऊन बसायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा आणि तेवढंच वाईटही वाटायचं.

आता माझंही सांगते. मी वाशीमला राहते आणि जुनी पेट्रोल गाडी चालवते. गिअर हातानं, काचही हातानं. नव्या गाड्यांवर माझा राग आहे आणि मी तो लपवत नाही. समोरून पाहा, एकेकीचा चेहरा असा की नुकतीच बांधावरून भांडून आली. मागं या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल दिव्यांची पट्टी, वरातीतली रोषणाई जशी. आत बटनं नाहीत, टीव्ही. पंखा वाढवायचा तर त्या टीव्हीत शिरा. आपल्या रस्त्यावर एक खड्डा आला की बोट भलतीकडंच पडतं आणि गाडी विचारते, कोणाला फोन लावू? पट्टा नाही लावला की ओरडते, दार नीट नाही लागलं की ओरडते. त्यापेक्षा सासू परवडली. निदान ती दुपारी झोपते.

मागच्या उन्हाळ्यात भावानं एक इलेक्ट्रिक गाडी दोन दिवस चालवून पाहायला आणली होती. आमच्याकडं विजेला लाईन म्हणतात, आणि लाईन तिच्या मर्जीनं येते. बाबांनी गाडीला एक चक्कर मारली आणि निकाल दिला. "वावरात मोटारीपाशी लाईनची वाट पाहा, घरी येऊन गाडीपाशी लाईनची वाट पाहा. मंग मानसानं जेवावं कवा?" विषय संपला. पण खरं सांगू का, ती गाडी मी मोकळ्या रस्त्याला एकदा दाबली आणि माझी पाठ सीटला चिकटली. तोंडातून आपसूक निघालं, "बाप्पा!" घरी येऊन हे सांगितलं, तर बाबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी वैऱ्याच्या घरी जेवून आले.

आणि मग दसऱ्याला भाऊ नवी गाडी घेऊन आला.

"कोनती म्हनतं ही?" बाबांनी विचारलं.

"हायब्रीड हाय, बाबा."

बाबांच्या हातातलं सोनं हातातच राहिलं. आमच्या भागात हा शब्द गाड्यांच्या कितीतरी आधी आलाय, ज्वारीसोबत. एखादं पोरगं जरा पावसात भिजलं आणि शिंकलं तरी म्हातारी माणसं म्हणतात, "हायब्रीडवर वाढलेलं हाय, चालाचंच." गावरान म्हणजे कस आणि हायब्रीड म्हणजे नुसती वाढ, हा इथला कायदा आहे.

"हायब्रीड!" बाबा म्हणाले. "ज्वारीचं हायब्रीड आलं तवा खळं भरलं, पन भाकरीले चव होती काय? अन् त्याचं बी दुसऱ्या सालासाठी ठेवता येत नाई. दरसाली दुकानात जा. ही बी तशीच असन. जीप मी तुमाले देऊन जाईन. हे खेळनं तू कोनाले देशीन?"

भावानं बिचाऱ्यानं समजावून सांगितलं. पेट्रोलवरही चालते, बॅटरीवरही चालते, लाईन लावायची गरज नाही, ब्रेक दाबला की बॅटरी आपोआप भरते. शेजारचे काका शांतपणे म्हणाले, "म्हंजे घोडी बी नाई, गाढव बी नाई. खेचर म्हन ना." आणि बाबा म्हणाले, "थांबल्यावर कमाई व्हते असं एकच ठिकान मले मालूम हाय, सासुरवाडी." आई म्हणाली, "तुमाले तं तिथं बी झाली नाई." सगळे हसले, भाऊ सोडून.

पूजा झाली. आईनं नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. भाऊ आत जाऊन बसला आणि आम्ही सगळे हात जोडून गाडी सुरू व्हायची वाट पाहत राहिलो. काहीच होईना.

"चालू कर ना बे," काका म्हणाले.

"चालूच हाय काका."

"कुठी चालू हाय? आवाज कुठी हाय?"

तेवढ्यात गाडी सरकली आणि लिंबं पच्च करून फुटली. तेवढाच काय तो आवाज. बाबा पाठ वळवून टिनाखाली गेले आणि त्यांनी जीप सुरू केली. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

संध्याकाळी मी ती चालवायला घेतली ती नावं ठेवायलाच. मालेगावपर्यंत गेले आणि आले. गाडी मला आवडली, आणि आवडली म्हणून चीड आली. डिझेलचा वास नाही, गिअरचा खटका नाही, मग हे आपल्याला काहून आवडून राह्यलं? घरी येऊन बंद केली तेव्हा लक्षात आलं की माझा डावा पाय जाताना आणि येताना नुसता पडून होता. त्याला कामच नव्हतं. क्लचच नाही ना! मी भावाकडं गेले. तो गोठ्यात होता.

"तू मुद्दाम घेतली काय रे ही?"

"चूप राह्य," तो इकडं तिकडं पाहत म्हणाला. "त्याईच्या पायासाठी घेतली असं कळलं तं हात बी लावनार नाई. भाऊबीज येऊन राह्यली. पाहू, काय व्हते तं."

माझा भाऊ जरा मंद आहे असं मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले होते. त्या दिवसापासून जरा कमी सांगते.

बाबांना म्हणून पाहण्यात अर्थ नव्हता. मग मी वाशीमला परतायच्या आदल्या दिवशी भावानं गाडी बरोबर फाटकात आडवी लावली, ट्रॅक्टर आत येणार नाही अशी, किल्ली आईजवळ दिली आणि वावरात निघून गेला. ट्रॅक्टर येऊन बाहेर भोंगा वाजवायला लागला. बाबा भडकले. "रस्त्यात गाडी लावून गेला गधा!" माझ्याकडं पाहिलं, तर मी केस धुवायला बसले होते. आईकडं पाहिलं, तर तिनं किल्ली पुढं केली.

आत बसल्यावर पहिला प्रश्न, किल्ली घालायची कुठं? जागाच नाही. आईनं खिडकीतून सांगितलं, "ब्रेक दाबा अन् ते बटन दाबा. म्या पाह्यलं त्याले करतानी." बाबांनी दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. म्हणजे बिचारी चालू झाली, बंद झाली, परत चालू झाली. "मेली हाय ही!" बाबा ओरडले. आई म्हणाली, "जित्ती हाय. आवाज करत नाई म्हनजे मेली असं नसते. माह्याकडं पाहा."

गाडी सरकली. आणि हातभर सरकली नाही तोच जोरात थांबली, बाबा पुढं, टोपी त्यांच्याही पुढं. पुन्हा सरकली, पुन्हा तसंच. डावा पाय! पन्नास वर्षांची सवय, गाडी हळू करायची की डावा पाय क्लच शोधणार. क्लच नव्हता, म्हणून तो जे मिळेल ते दाबत होता, आणि मिळत होता ब्रेक. कशीबशी गाडी बाजूला झाली. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस खाली उतरून सगळ्या हायब्रीड जातीचा उद्धार करणार.

बाबा उतरले नाहीत. बसून डाव्या पायाकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "हा ओढाळ झाला."

ओढाळ म्हणजे दुसऱ्याच्या वावरात तोंड घालणारं ढोर. आणि ओढाळ ढोराला आमच्याकडं एकच इलाज असतो, दावं. बाबांनी खांद्यावरचा रुमाल काढला, डाव्या पायाच्या घोट्याला गुंडाळला आणि सीटखालच्या दांडीला बांधून टाकला. मी ओल्या केसांनी धावत गेले. "बाबा, असं कोनी करते काय? उतराचं झालं तं?"

"ढोर बांधल्यावर पळते कायले? गाठ सरकती हाय. तू केस वाळव."

मग आठ-पंधरा दिवस हाच कार्यक्रम. सोयाबीन निघालेल्या मोकळ्या वावरात, बांधाच्या आत, पाय बांधून बाबा गोल गोल फिरायचे. भाऊ वाशीमला मला फोन करून बातम्या द्यायचा. काल रिव्हर्स घेतला. काल गाडीनं मागचं चित्र टीव्हीत दाखवलं, तर "मागं पाहाले मान दिली हाय देवानं" म्हणून त्यावर टोपी टाकली. काल म्हणाले, ब्रेक चांगला हाय. आज रुमाल खांद्यावरच राहिला आणि पाय जागचा हलला नाही. हे सांगताना भावाचा आवाज चिरकला. मी म्हटलं, "रडून राह्यला काय बे?" तो म्हणाला, "कांदा कापून राह्यलो." माझा भाऊ कांदा कापतो हे त्याच्या बायकोला अजून माहीत नाही.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी माझ्या वाशीमच्या घरासमोर गाडी येऊन उभी राहिली. मला ऐकूच आली नाही. दार उघडलं तर बाबा चालवायच्या जागेवर, इस्त्रीचं धोतर, आई शेजारी. "बस मागं," बाबा म्हणाले, "अन् तोंड बंद ठेवजो." रिठदपर्यंत मी एक अक्षर बोलले नाही. आई मात्र बोलत होती. जीपमध्ये एवढ्या वर्षांत एकमेकांचं काही ऐकू आलं नव्हतं, ते सगळं ती आता सांगून घेत होती. बाबा म्हणाले, "ही गाडी घेतली तीच चूक झाली."

आत्या अंगणात तुळशीपाशी होती. गाडी फाटकात आली, थांबली, आणि तिनं वळूनही पाहिलं नाही. आई उतरली तेव्हा तिचं लक्ष गेलं.

"अगं माय! कोनं आनलं वं तुमाले?"

आईनं हनुवटीनं गाडीकडं दाखवलं. आत्यानं वाकून आत पाहिलं. बाबा मान खाली घालून कुठलं तरी बटन शोधत होते. तिनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, स्टिअरिंगकडं पाहिलं, आणि भरभर घरात निघून गेली.

"राग आला वाट्टे," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

ती ताट घेऊन बाहेर आली. निरांजन, कुंकू, सुपारी, सगळं मांडलेलं. बाबा उतरायला लागले तशी ओरडली, "उतरू नोको! तसाच बस. तिथंच बस." बाबांनी काच खाली करायला बटन दाबलं, तर माझी मागची काच खाली गेली. मग आईची. मग एकदाची त्यांची. आत्यानं हात आत घालून कुंकू लावलं, आणि ते स्टिअरिंग धरून बसलेले असताना खिडकीतून त्यांना ओवाळलं. वाऱ्यानं ज्योत हलत होती आणि ती पदरानं झाकत होती.

"दोन साल आलो नाई, बाई," बाबा म्हणाले. "राग नोको धरू."

"राग कायचा? दोन साल म्या चंद्राले ओवाळलं. लय गुनी भाऊ हाय तो, बोलावलं नाई तरी येते. पन जेव म्हनलं तं जेवत नाई रे."

बाबांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडायला लागले. डोकं पडलं ते नेमकं हॉर्नवर. हॉर्न जो वाजायला लागला तो थांबेचना, आजूबाजूच्या घरांतली माणसं काय झालं म्हणून बाहेर आली. आई घाईघाईनं बाबांचा खांदा हलवायला लागली.

आत्यानं तिचा हात धरला. "राहू दे," ती म्हणाली. "वाजू दे."