शेवटच्या करडकंठीची शीळ

प्राणिसंग्रहालयात काकांनी चौतीस वर्षं पिंजरे झाडले, दाणे टाकले आणि साहेबांची बोलणी खाल्ली. माणसांशी त्यांचा छत्तीसचा आकडा, पक्ष्यांशी मात्र गट्टी. जगातली शेवटची करडकंठी पक्षीण त्यांच्याच पिंजऱ्यात मेली. त्या दिवशी काका जेवले नाहीत.

आता म्हातारपणी प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. कपाटात जपलेल्या कातड्यावरून म्हणे ती जात पुन्हा जन्माला घातली होती. सहा पिल्लं चांगली टुणटुणीत, पण मुकी. शिकवायला आईबापच नाहीत, तर बिचारी ओरडणार काय? आवाज कुणी टेप करून ठेवला नव्हता. तो ऐकलेला माणूस जगात एकच उरला होता, आणि त्याला कवळी होती.

"काका, एकदा काढून दाखवा ना," शास्त्रज्ञ बाई म्हणाल्या. "तुम्ही शिकवाल तेच यांची पोरं-नातवंडं बोलतील."

शीळ काकांच्या ओठांवर आलीच होती. तीन सूर, शेवटचा वर चढणारा. नर मेल्यावर एकटी उरलेली करडकंठी सात वर्षं हीच शीळ घालायची. पण ती शिकली कुणाकडून? दुपारी डबा घेऊन येणारी काकांची बायको फाटकातून त्यांना अशीच हाक मारायची. "बाईमाणसं शीळ घालतात का?" म्हणून काका लटकेच रागवायचे, आणि बारा वाजायच्या आधीपासून कान टवकारून बसायचे. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

एकदा शीळ घातली की झालं. आपल्यामागेही ती रानोमाळ घुमत राहील. कोण विचारतंय?

मग त्यांनी कवळी काढून रुमालात गुंडाळली आणि घशातून एक घोगरा, फाटका आवाज काढला, गंजलेली बिजागरी करकरावी तसा. जोडी जिवंत होती तेव्हा पिंजऱ्यातून हाच यायचा.

बाईंचा चेहरा पडला. "पण काका, जुन्या नोंदवहीत तर शीळ लिहिलीय."

कोपऱ्यातल्या एका पिल्लानं मान उंचावली आणि घशात तसंच काहीतरी खरवडलं.

"शीळ त्यांची नाही," काका म्हणाले. "ती आमच्या घरची आहे."

बारा वाजता ते प्रयोगशाळेच्या फाटकाबाहेर आले. कवळी बसवून त्यांनी ती शीळ जन्मात पहिल्यांदा स्वतः घातली, आणि बाकावर बसून स्वतःच भरलेला डबा उघडला.